न उघडणाऱ्या दारांचं गाव

दिल्या, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तू गेलास म्हणून वाद मी जिंकलो असं होत नाही, आणि तू गेलास म्हणून मी माघार घेईन असंही नाही. त्या खेळाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा चांगलाच आहे. हे वाक्य लिहिल्याबरोबर तू समोरच्या खुर्चीतून उसळून उठायला हवा होतास. खुर्ची रिकामी आहे, वर पंखा कुरकुरतोय, आणि मला फार दमल्यासारखं झालंय. भांडायला माणूस उरला नाही की इतकं दमायला होतं हे मला माहीत नव्हतं.

तुझ्या मामाचा फोन शेजारच्या एसटीडी बूथवर आला तेव्हा मी पोरांना टायपिंग शिकवत होतो. लाइनवर खरखर होती. मामा म्हणाले, "काविळीचं निमित्त झालं. उतरंल उतरंल म्हनून आमी थांबलो. न्हाई उतरली." मी विचारलं, कधी आणताय? तर म्हणाले, सगळं तिथंच केलं, अस्थी घेऊन येतोय. म्हणजे तुझं तोंडही बघायला मिळालं नाही. मी परत क्लासमध्ये आलो आणि पोरांना पुढचा धडा दिला. रडू वगैरे काही आलं नाही. फक्त एक विचार डोक्यात शिरला तो शिरलाच, की तू माझ्यावर रागावून गेलास का?

बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. दोन चांगली वाढलेली माणसं. एक सांगलीत कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा, दुसरा तिकडे सेलमला गलाईच्या दुकानात जुनं सोनं वितळवून शुद्ध करणारा. आणि शेवटचं भांडण कशावरून, तर कॉम्प्युटरवरच्या एका खेळावरून. अम्मीला सांगून बघितलं. ती म्हणाली, "इत्ती बात पे कोई रूठता है क्या?" तिला काय सांगू? तू रुसायचास. शाळेत असताना अब्बांच्या गादीच्या दुकानात कापसाच्या ढिगावर लोळताना मी तुला ढकललं, तर तू आठवडाभर बोलला नव्हतास, आणि त्या आठवडाभर रोज येऊन माझ्याशेजारी बसत होतास. रुसायला सुद्धा तुला सोबत लागायची.

दहावी झाल्यावर मामा तुला घेऊन गेले. आपल्या विट्यातली निम्मी पोरं तशीच जातात, त्यात कुणाला विशेष वाटत नाही. तू पहिल्यांदा सुट्टीला आलास तेव्हा दोन दिवस गप्प होतास आणि तिसऱ्या दिवसापासून थांबला नाहीस. म्हणालास, "इक्या, तितं समदी बोलत्यात आणि मी नुसता बैलागत मान हालवतोय. मामा भट्टीवर असला की बोलत न्हाई. दिसभर आवाज म्हंजे फकस्त त्या भात्याचा. लय वंगाळ वाटतं गड्या." मग त्या सुट्टीत तू विट्यातल्या प्रत्येक घरी जाऊन चहा प्यायलास. ज्यांचं तुझं काही नातं नाही त्यांच्याकडेही. तुझी आई वैतागली होती, की हा पोरगा घरी आलाय का गावाला आलाय?

माझं नेमकं उलटं. मी सांगलीत क्लास काढला आणि सकाळी सातपासून बोलायला लागलो. पोरांशी बोला, त्यांच्या बापाशी बोला, लाइट गेली की वीज मंडळाशी बोला, आली की पुन्हा तेच, माउस कसा धरायचा इथपासून सुरुवात. रविवारपर्यंत माझ्या घशात आवाज उरायचा नाही. म्हणून रविवारी क्लास बंद ठेवून मी खेळायला बसायचो. तू सुट्टीवर असलास की विट्याहून पहिल्या एसटीनं यायचास. आणि वैशाली यायची, क्लासमध्ये अकाउंट्स शिकवणारी. तिचा भाऊ पुण्याहून सीडी कॉपी करून आणायचा म्हणून तिला आपण मान द्यायचो.

तो बंदराच्या गावाचा खेळ तुला पहिल्यांदा दाखवला तो रविवार आठवतो? हरवलेल्या भावाला शोधत एक माणूस समुद्राकाठच्या गावात येतो. आपण त्याला चालवायचं. गावात कुठंही जा, कुठल्याही घरात शिरा, समोर दिसेल त्याच्यावर बाण नेऊन क्लिक केलं की खाली दोन-चार प्रश्न येतात, त्यातला एक निवडायचा, मग तो माणूस उत्तर देतो. शेवटी सगळे धागे जुळले की बोट सुटते आणि आपण बेटावर जातो. तू माउस धरलास. खानावळीत एक म्हातारा बसला होता. तू त्याच्यावर क्लिक केलंस, खालचे प्रश्न मला वाचायला लावलेस, आणि मग माझ्याकडे असं बघितलंस की जणू मीच काहीतरी चोरलंय.

"ह्यात जेवलाय का म्हनून इचारायचं कुठंय?"

"तसं नाही यात."

"मग? आल्या आल्या डायरेक भाऊ कुठंय म्हनायचं? म्हाताऱ्याला काय वाटंल?"

वैशाली हसून हसून टेबलावर पडली. पण तू गंभीर होतास. त्या म्हाताऱ्याला पहिल्याच फटक्यात कामाचं विचारलं याची तुला पुढचे दोन रविवार टोचणी होती.

आपली वाटणी तिथंच ठरली. तू चालवणार, मी वाचून मराठीत सांगणार. इंग्रजी मला येत होतं असं नाही, पण डिक्शनरी माझ्या मांडीवर होती. मी आपला दमलेला माणूस, चार ओळींचं एक वाक्य करायचो. तू लगेच पकडायचास.

"पडद्यावर चार वळी हायत. तू एक सांगितलीस."

"बाकीच्यात ती बाई नवऱ्याबद्दल बोलतेय. त्याचा भावाशी काही संबंध नाही."

"नवरा हाय न्हवं तिचा? मग सांग की."

सांगावं लागायचं. आणि दमलेल्या तोंडानं पुस्तकी मराठी निघत नाही, म्हणून मी सगळ्यांना विट्याचं बोलायला लावलं. होडी चालवणारी ती विधवा बाई हळूहळू तुझ्या थोरल्या चुलतीसारखी बोलायला लागली. दीपगृहाचा राखणदार, ज्याला अंधाराची भीती वाटायची, तो "आवं, जरा बसा की, लगीच काय निगालाय" म्हणायला लागला. लेकाशी अबोला धरलेला पाववाला होता. त्याचं तर तू मला तीन-तीनदा वाचायला लावायचास, कारण मी प्रत्येक वेळी वेगळ्या शिव्या घालायचो. बोट सुटायची वेळ आली की मी म्हणायचो, चल आता, बस. आणि तू म्हणायचास, थांब रं, पाववाल्याकडं एकदा जाऊन येतो. त्याच्याकडे नवीन काही नसायचं. तरी जायचास. बोट धक्क्याला लागलेली, मी बोंबलतोय, आणि तू आपला पाव विकत घेतोयस.

मला ते तेव्हाही आवडत नव्हतं, दिल्या. गोष्ट सुरू झाली की गोष्ट पुढं जावी. भाऊ हरवलाय, त्याचं काय झालं ते सांगा. निम्मी बडबड नुसती भरती होती. आणि दिवसभर बडबड विकणारा माणूस रविवारी पुन्हा बडबड कशाला ऐकेल?

या उन्हाळ्यात तू चुलत बहिणीच्या लग्नाला आलास, आणि नेमका तेव्हा वैशालीचा भाऊ दुसरा भाग घेऊन आला. तू लग्नातला सदरा न बदलता एसटीत बसलास. हळद लागलेली बाही अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. वैशालीनं सीडी घातली. काय चित्रं होती! पहिल्या भागातले लोक लाकडी बाहुल्यांसारखे चालायचे, इथं वाऱ्यानं केस उडत होते. मी खूश. तू रस्त्यावरच्या पहिल्या दारावर बाण नेलास. काही नाही. दुसऱ्या दारावर नेलास. काही नाही.

"उघडत न्हाई."

"ते उघडायचं नाही. सरळ बाजारात जायचं. वर दाखवलंय बघ."

तू तिसऱ्या दाराशी गेलास. मग रस्ता ओलांडून चौथ्या. बाजारात पोचेपर्यंत तू दिसेल ते दार वाजवून बघितलंस. रस्त्यावर माणसं होती, पण त्यांच्यावर क्लिक केलं की एकच वाक्य. मी वाचलं, "आज वेळ नाही." पुन्हा क्लिक, "आज वेळ नाही." तू मला म्हणालास, ओळी नीट वाच. मी म्हणालो, या वेळी खरंच एकच ओळ आहे.

"दिल्या, ती दारं नाहीत. नुसती चित्रं आहेत दारांची."

"उघडायचं न्हाई तर काढलंय कशाला दार?"

इथून जुंपली. मी म्हणालो, उगाच भटकंती काढून टाकली, गप्पा कमी केल्या, म्हणून तर गोष्ट घट्ट झाली. कुठं जायचं, कुणाला भेटायचं, सगळं कळतं. तासाभरात आपण जिथं पोचलो तिथं पहिल्या भागात महिना लागला असता. वैशाली म्हणाली, तुमचं दोघांचंही बरोबर आहे, घरं बांधायचे कष्ट खेळ बनवणाऱ्यांनी मधल्या चित्रफितींवर घातले असतील, आणि चित्रफिती सुंदर आहेत. तू तिचं ऐकलंच नाहीस.

"ज्याच्याकडं काम हाय त्याच्याशीच बोलायचं व्हय? आन ज्याच्याकडं न्हाई त्यो नुसता उभा? मग हे गाव न्हाई इक्या, हापिस झालं."

"अरे, खेळ आहे हा! भाऊ शोधायचाय!"

"भाऊ घावला की खेळ संपला न्हवं? मग कसली घाई हाय तुला?"

मी काय म्हणालो ते तुला माहीत आहे. म्हणालो, तुला गोष्ट नकोच आहे, तुला नुसतं कुणाच्या तरी ओट्यावर बसायचंय. हे मी तुला चिडवायला म्हणालो होतो, आपण एकमेकांना याहून वाईट बोललोय. पण तू माउस सोडलास. उठलास. म्हणालास, "जा तू फुडं. मला न्हाई जमायचं ह्या मुक्या गावात." चहाला जातोस असं मला वाटलं. वैशालीनं गॅलरीतून बघितलं तर तू स्टँडच्या दिशेनं चालला होतास. दोन दिवसांनी मिरजेहून तुझी गाडी होती. पुढं पावसाळा लागला, आणि मग तो फोन.

माणूस मेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं असतं. मी बोलेन, पण आधी थोडं वाईट बोलू दे. सगळ्या जगाला सगळं विचारणारा तू, स्वतःचं काय सांगितलंस? अंगात ताप आहे, डोळे पिवळे झालेत, हे कुणाच्या हातून कळवता आलं नसतं का? कुठल्या म्हाताऱ्याच्या जेवणाची तुला काळजी, आणि स्वतः तू तिकडे काय खात होतास, कुणाबरोबर खात होतास, यातलं मला काडीचं माहीत नाही. इतकी वर्षं तू सेलमला राहिलास, आणि सेलम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं एक भट्टी आणि एक भाता, एवढंच येतं. संताप येतो मला. रात्री झोप लागत नाही असं काही नाही, झोप लागते, पण उठल्यावर झोपल्यासारखं वाटत नाही.

दहाव्याला मी विट्याला आलो. तुझ्या आईनं मला बघितलं आणि म्हणाली, "ये बाबा इकबाल, बस." तिचा आवाज पार गेलाय. मी ओसरीवर बसलो. मामा होते, आणि त्यांच्याशेजारी पांढऱ्या लुंगीतला, कपाळावर भस्म लावलेला एक काळासावळा माणूस बसला होता, पन्नाशीचा असेल. मामा म्हणाले, "ह्यो सेल्वम. आमच्या दुकानाम्होरं ह्येचा चहाचा गाडा. अस्थी निगाल्या म्हनल्यावर म्हनतो मी बी येनार. हटूनच बसला. बायकूला गाड्यावर बशिवलं आन आला."

सेल्वमला तमिळशिवाय काही येत नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हात जोडायचा. थोड्या वेळानं त्यानं मामांना काहीतरी विचारलं. मामांनी पुन्हा विचारायला लावलं, मग टोपी काढून डोकं खाजवलं.

"ह्यो इचारतोय, ती होडीवाली बाई कुठं ऱ्हाती. तिला भेटायचंय म्हनतो. आता इट्यात कुठली होडी? इट्यात प्यायला पानी न्हाई."

ओसरीवरचे लोक इतक्या दुःखातही हसले. प्रवासानं डोकं फिरलं असेल बिचाऱ्याचं, असं कुणीतरी म्हणालं. सेल्वम हसला नाही. तो पुढं बोलत राहिला आणि मामा अडखळत सांगत राहिले. अंधाराला भिणारा एक दिवेवाला हाय म्हनं. एक पाववाला हाय, त्यो लेकाशी बोलत न्हाई, लय शिव्या देतो. "काय बोलतंय हे? आपल्यात पाववाला कोन हाय?"

दिल्या, माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मग सेल्वमला विचारून मामांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. संध्याकाळी भट्टी विझली की तू सेल्वमच्या बाकावर बसायचास. पहिल्या वर्षी नुसता बसायचास. मग एक-एक शब्द उचललास. मामांचा तिथं जन्म गेला तरी त्यांना बाजारापुरतंच तमिळ येतं. तू त्या भाषेत गोष्टी सांगायचास. "आमच्या गावात" म्हणून सुरुवात करायचास. शिंपी यायचा, सायकल दुरुस्तीवाला यायचा, सेल्वमची बायको भांडी घासता घासता ऐकायची. तुझं गाव त्यांना तोंडपाठ होतं. ते विट्याचं नाही, बंदराचं आहे, हे तू त्यांना सांगितलं नाहीस. का सांगायला गेला नाहीस ते तुलाच ठाऊक. समुद्र कुठल्या बाजूला आहे हे त्यांनी कधी विचारलं नसेल.

आणि या उन्हाळ्यात परत गेल्यावर तू पुढचा भाग सांगायला घेतलास. तापानं बाकावर आडवा पडेपर्यंत सांगत होतास. सेल्वमनं त्यातल्या माणसांची चौकशी सुरू केली तेव्हा मला एकही ओळखू येईना. दोरखंड वळणारी एक आंधळी बाई. घड्याळं दुरुस्त करणारे दोन भाऊ, जे एकमेकांना वेळ सांगत नाहीत. हे लोक पहिल्या भागात नव्हते. दुसऱ्यातही नव्हते. दुसऱ्या भागातली जी दारं उघडत नव्हती, ती तू एकेक करून उघडलीस आणि आत माणसं बसवलीस.

मग सेल्वमनं आणखी एकाचं विचारलं. मामा सांगताना मध्येच थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले.

"म्हनतो, गावात एक कापूस पिंजनाऱ्याचा पोरगा हाय. चष्मा हाय त्येला. गावात कुनाला वाचता येत न्हाई, तर त्योच समद्यांची पत्रं वाचून दावतो. चार वळी असल्या तर एक वाचतो. गावाला ठावं हाय की ह्यो अर्धं गाळतोय. तरी समदी त्येच्याकडंच जात्यात."

"का?" मी विचारलं. मामांनी विचारलं. सेल्वम बराच वेळ बोलला, हातवारे करून.

"म्हनतो, दिलीप म्हनायचा की त्येच्या तोंडनं आईकल्याबिगार त्यास्नी पत्र आल्यासारकं वाटत न्हाई."

तुझी आई दारात उभी होती. तिला काही कळलं का मला माहीत नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मी खाली बघत होतो. तेव्हा आलं रडू. फोन आला त्या दिवसापासून अडकलेलं सगळं एकदम आलं, आणि मी ते थांबवायच्या भानगडीत पडलो नाही. तू रागावला नव्हतास, हरामखोरा. तू मला सेलमच्या बाकावर तुझ्या शेजारी बसवलं होतंस, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

सेल्वम थांबला होता. मी डोळे पुसल्यावर तो थोडा पुढं सरकला आणि हळू आवाजात त्यानं मामांना शेवटचं विचारलं. मामांना ते मला सांगताना ओशाळल्यासारखं झालं. परक्या माणसाचं खूळ आपण कशाला पुढं न्यायचं, असं त्यांच्या तोंडावर होतं.

"म्हनतो, त्या पोराला बोटीनं जायची लय घाई असायची. दिलीपनं तितंच गोष्ट थांबवली, मग आजारी पडला. तवा फुडं काय झालं त्ये गल्लीत कुनालाच ठावं न्हाई. गाड्यावरची समदी इचारत्यात. त्यो पोरगा गेला का बोटीनं? ... काय सांगू रं ह्येला?"

दुसरा भाग चांगलाच आहे, दिल्या, गोष्ट पुढंच गेली पाहिजे, या मताचा मी आजही आहे. मी चहाचा कप खाली ठेवला.

"न्हाई गेला म्हनावं, मामा," मी म्हणालो. "सेल्वमला म्हनावं, आधी जेवून घे. मग समद्यांचं सांगतो. एकेकाच्या घरचं."